पोर्टेबल चार्जर (विद्युत मोटार)

पोर्टेबल चार्जर हे विद्युत मोटार घरातील साध्या वीजजोडणीवर चार्ज करण्याचे कमी शक्तीचे, हाताने उचलून नेता येण्याजोगे साधन आहे. त्याच्या एका टोकाला तीन पिनांचा घरगुती प्लग आणि दुसऱ्या टोकाला मोटारीत बसणारी चार्जिंग गन असते. मध्ये केबलवरच एक नियंत्रण पेटी असते. भारतात हे साधन बहुधा १५ किंवा १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला जोडले जाते व त्यातून जास्तीत जास्त सुमारे ३.३ किलोवॅट शक्ती मिळते. काही चार्जर १० अँपिअरवर म्हणजे सुमारे २.३ किलोवॅटवर चालतात, तर काहींमध्ये प्रवाह कमी-जास्त करण्याची सोय असते. अनेक कंपन्या मोटारीबरोबरच असा चार्जर देतात.

वेगाच्या दृष्टीने हा चार्जिंगचा सर्वांत मंद प्रकार होय. रोजच्या वापराला तो बहुतेक वेळा पुरतो. त्याची खरी मर्यादा चार्जरमध्ये नसून ज्या घराला तो जोडला जातो त्या घराच्या वायरिंगमध्ये, विशेषतः अर्थिंगमध्ये असते. कोकणातील गावांच्या संदर्भात ही बाब अधिक महत्त्वाची ठरते.

नाव आणि संज्ञा

'चार्जर' हे नाव काहीसे फसवे आहे. बॅटरीत एकदिश म्हणजे डीसी प्रवाह साठवला जातो आणि घरात येणारा प्रवाह प्रत्यावर्ती म्हणजे एसी असतो. या दोहोंमधील रूपांतर करणारा खरा चार्जर मोटारीच्या आतच बसवलेला असतो. त्याला 'ऑनबोर्ड चार्जर' म्हणतात. केबलवरील पेटी असे कोणतेही रूपांतर करत नाही. मोटारीशी संवाद साधणे, किती प्रवाह घेता येईल हे तिला कळवणे आणि काही बिघाड आढळल्यास पुरवठा तोडणे एवढेच तिचे काम असते. याउलट विद्युत स्कूटरबरोबर मिळणारी पेटी हा बहुतेक वेळा खराखुरा चार्जर असतो, कारण तिच्यातून बॅटरीला डीसी प्रवाहच जातो. म्हणून स्कूटरच्या चार्जिंगचा अनुभव मोटारीला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत 'विद्युत प्रभार' हा शब्द रूढ आहे आणि त्यावरून 'प्रभारण' ही संज्ञाही तयार झाली आहे. व्यवहारात मात्र 'गाडी चार्जिंगला लावणे' हाच प्रयोग सर्वत्र ऐकू येतो. 'प्रभारी' म्हटले की मराठी माणसाला मुख्याध्यापक किंवा तहसीलदार आठवतो, हेही त्यामागचे एक कारण असावे.

पूर्वपीठिका

घरच्या पॉइंटवर मोटार चार्ज करण्याची कल्पना भारतात नवी नाही. बंगळूर येथे तयार झालेली 'रेवा' ही छोटी मोटार २००१ मध्ये बाजारात आली. ती १५ अँपिअरच्या घरगुती पॉइंटवरच चार्ज होत असे. तिच्यात शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या. २०१० मध्ये महिंद्र समूहाने या कंपनीत बहुसंख्य भाग घेतला आणि २०१३ मध्ये लिथियम-आयन बॅटरीची 'ई-टू-ओ' आणली. तथापि घरगुती चार्जिंग हा सामान्य कुटुंबाचा विषय झाला तो २०२० नंतर. त्या वर्षी जानेवारीत टाटा मोटर्सची 'नेक्सॉन ईव्ही' ३०.२ युनिट क्षमतेच्या बॅटरीसह विक्रीस आली. २०२२ मधील 'टियागो ईव्ही' ही १९.२ आणि २४ युनिट अशा दोन क्षमतांत, तर २०२३ मधील एमजीची 'कॉमेट' ही १७.३ युनिटच्या बॅटरीसह आली. लहान बॅटरीच्या या मोटारींना मंद चार्जिंग सोयीचे पडते.

कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या आहेत. विद्युत वाहन चार्ज करणे ही विजेची विक्री नव्हे, त्यासाठी परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत घरी व कार्यालयात खासगी चार्जिंगला मुभा देण्यात आली. महाराष्ट्रात राज्य विद्युत नियामक आयोगाने चार्जिंग स्थानकांसाठी स्वतंत्र वर्गवारी केली. मात्र ग्राहक स्वतःची गाडी स्वतःच्या जागेत चार्ज करीत असेल तर त्या जागेचाच दर लागू होतो. म्हणजे घरच्या मीटरवर चार्ज केलेल्या गाडीला घरगुती दरच लागतो.

रचना व कार्य

आंतरराष्ट्रीय मानकांनुसार विद्युत वाहनांच्या चार्जिंगचे चार प्रकार मानले जातात. साध्या सॉकेटला कोणत्याही नियंत्रणाविना जोडणे हा पहिला, केबलवरील नियंत्रण पेटीसह साध्या सॉकेटला जोडणे हा दुसरा, भिंतीवर कायम बसवलेल्या यंत्रातून चार्ज करणे हा तिसरा आणि बाहेरच्या यंत्रातूनच डीसी प्रवाह देणे, म्हणजे महामार्गावरील जलद चार्जिंग, हा चौथा. पोर्टेबल चार्जर दुसऱ्या प्रकारात मोडतो.

भारतातील मोटारींमध्ये एसी चार्जिंगसाठी मुख्यतः 'टाइप २' जातीची गन वापरली जाते. तिच्यात सात पिना असतात. तीन फेजसाठी, एक न्यूट्रलसाठी, एक अर्थसाठी आणि उरलेल्या दोन छोट्या पिना संवादासाठी. घरगुती एकफेजी जोडणीत फेजच्या दोन पिना रिकाम्याच राहतात.

संवादाची पद्धत साधी पण चतुर आहे. नियंत्रण पेटी एका छोट्या पिनेतून १२ व्होल्टचा संकेत पाठवते. गन मोटारीत बसली की मोटारीतील रोधामुळे हा दाब ९ व्होल्टवर उतरतो आणि पेटीला गाडी जोडली गेल्याचे समजते. मग ती सेकंदाला एक हजार वेळा चालू-बंद होणारा चौकोनी तरंग सुरू करते. या तरंगातील 'चालू' काळाच्या प्रमाणावरून किती प्रवाह घ्यायचा हे मोटारीला कळते. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, सुमारे १७ टक्के म्हणजे १० अँपिअर, सुमारे २७ टक्के म्हणजे १६ अँपिअर. मोटार तयार झाली की ती दाब ६ व्होल्टवर आणते आणि त्यानंतरच पेटीतील रिले बंद होऊन २३० व्होल्टचा पुरवठा गनपर्यंत पोचतो. गन हातात धरलेली असताना किंवा जमिनीवर पडलेली असताना तिच्या मुख्य पिनांत वीज नसते ती यामुळेच. पावसात गाडीला गन लावणे धोक्याचे आहे हा समज या कारणाने बराचसा निराधार आहे. पावसातला धोका केबलच्या दुसऱ्या टोकाशी, पागोळीखालच्या तीन पिनांच्या प्लगपाशी असतो.

याशिवाय पेटीत गळती-प्रवाह ओळखणारे साधन असते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येत नसेल तर तो कोठेतरी, कदाचित माणसाच्या शरीरातून, जमिनीत जात आहे असा त्याचा अर्थ होतो. हा फरक ३० मिलिअँपिअरच्या मर्यादेबाहेर जाण्याआधीच पुरवठा तुटला पाहिजे. बहुतेक पेट्या सॉकेटमधील अर्थ खरोखर जोडलेला आहे की नाही हेही तपासतात आणि नसल्यास लाल दिवा लावून चार्जिंग नाकारतात.

लागणारा वेळ

२३० व्होल्ट आणि १५ अँपिअर यांचा गुणाकार ३,४५० वॅट होतो. व्यवहारात ३.३ किलोवॅट धरतात. यातील सर्व ऊर्जा बॅटरीत जात नाही. रूपांतरातील तूट आणि चार्जिंग चालू असताना जागी राहणारी मोटारीची स्वतःची यंत्रणा यांत सुमारे दहा ते पंधरा टक्के खर्ची पडते. १० अँपिअरवर चार्ज करताना ही तूट प्रमाणाने थोडी वाढते, कारण यंत्रणेला लागणारी ठरावीक वीज अधिक तास खर्च होते.

या हिशेबाने २४ युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी असल्यास ३.३ किलोवॅटवर भरण्यास सुमारे सव्वाआठ तास, ३०.२ युनिटची सुमारे साडेदहा तास आणि ४०.५ युनिटची सुमारे चौदा तास लागतात. १० अँपिअरच्या चार्जरवर शेवटची बॅटरी वीस तास घेते. हे आकडे ऐकून अनेक जण घरगुती चार्जिंगचा विचार सोडून देतात, पण बॅटरी रोज शून्यावर येत नसते. दिवसाला ४० किलोमीटर चालणारी छोटी मोटार युनिटला ७ किलोमीटर या सरासरीने पावणेसहा युनिट वापरते आणि तूट धरून मीटरवर साडेसहा युनिटांच्या आसपास नोंद होते. एवढी वीज ३.३ किलोवॅटवर दोन तासांत आणि २.३ किलोवॅटवर तीन तासांत मिळते. रात्री नऊला लावलेली गाडी मध्यरात्रीपर्यंत तयार होते. उरलेली रात्र शिल्लकच राहते.

मंद चार्जिंगमध्ये बॅटरी फारशी तापत नाही. चार्जिंगच्या अखेरच्या टप्प्यात बॅटरीतील सेल एकमेकांच्या पातळीवर आणण्याचे कामही होते. म्हणून महामार्गावर जलद चार्जिंग वापरणाऱ्यांनाही अधूनमधून मंद एसी चार्जिंगने बॅटरी पूर्ण भरण्याचा सल्ला दिला जातो.

गाव आणि शहर

घरगुती चार्जिंग ही शहरी सोय आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात जागेच्या दृष्टीने गावाची बाजू वरचढ आहे. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत राहणाऱ्याची गाडी तळमजल्यावर आणि मीटर जिन्याखाली असतो. तेथून वायर ओढण्यासाठी गृहनिर्माण संस्थेची संमती मिळवावी लागते आणि त्यावरून वाद होतात. रायगड जिल्ह्यात पनवेल–रोहा लोहमार्गावर नागोठणे व रोहा या स्थानकांच्या दरम्यान असलेल्या निडीसारख्या गावात मात्र गाडी घराच्या अंगणातच उभी राहते. ओटीवरचा पॉइंट तिच्यापासून चार-पाच मीटरवर असतो. परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. रोह्याला किंवा नागोठण्याला, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला किंवा पेणच्या बाजारापर्यंत जाऊन येण्याचे अंतर लहान बॅटरीच्याही आवाक्यातले असते.

गावाची बाजू लंगडी पडते ती वायरिंगमध्ये. जुन्या घरांतील वायरिंग दिवे, पंखे आणि दूरचित्रवाणी संच यांच्यासाठी केलेले असते. मंजूर भार थोडा असतो. पाण्याच्या पंपासाठी किंवा गिझरसाठी नंतर बसवलेला १५ अँपिअरचा पॉइंट दिसायला भक्कम असला तरी त्याच्यामागे अनेकदा बारीक वायरच असते. कुंडलिकेच्या खोऱ्यातील भिरा येथे १९२७ पासून जलविद्युत केंद्र चालू आहे. येथे तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. शेजारच्या गावांत खांब उभे राहायला त्यानंतर दीर्घ काळ जावा लागला. त्या उशिराच्या, काटकसरीच्या विद्युतीकरणाच्या खुणा अजून अनेक घरांच्या भिंतींवर आहेत.

याच घरांना वर्षातून एकदा मोठ्या परीक्षेला सामोरे जावे लागते. गणेशोत्सवात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांबरोबर विद्युत मोटारीही आल्या की आरास, दिवे आणि मिक्सर चालू असलेल्या घराच्या ओटीवरून एक्स्टेन्शन बोर्ड काढून गाडी चार्जिंगला लावण्याचा मोह होतो. भाद्रपदातल्या पावसात अशी जोडणी करणे सर्वथा अयोग्य आहे.

सॉकेट व वायर

गिझर दोन किलोवॅटचा असला तरी वीस-पंचवीस मिनिटांत त्याचा थर्मोस्टॅट पुरवठा तोडतो. मोटार तेवढाच किंवा त्याहून अधिक प्रवाह सलग आठ-दहा तास ओढते. पॉइंटने गिझर वर्षानुवर्षे चालवला आहे, यावरून तो मोटारीला चालेल असा निष्कर्ष काढता येत नाही.

सॉकेट वितळण्याचे कारण बहुधा सैल पकड हे असते. पिन आणि सॉकेटची पट्टी यांच्यात केवळ ०.१ ओहमचा रोध निर्माण झाला तरी १५ अँपिअरला तेथे साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. बोटाच्या पेराएवढ्या जागेत रात्रभर साठणारी ही उष्णता प्लास्टिक मऊ करण्यास पुरेशी असते. मऊ झालेले प्लास्टिक पकड आणखी सैल करते आणि दुष्टचक्र सुरू होते. त्याच सॉकेटमधून १० अँपिअर घेतल्यास उष्णता दहा वॅटवर येते. म्हणजे प्रवाह एक तृतीयांशाने कमी केला की उष्णता निम्म्याहून खाली जाते. जुन्या घरात १० अँपिअरचा चार्जर वापरणे हा कमीपणा नसून शहाणपणा ठरतो तो याच हिशेबाने. कोकणात दमट हवेने पट्ट्यांवर चढणारा गंज आणि पेटीत शिरणाऱ्या मुंग्या यांची त्यात भर पडते. चार्जिंग सुरू होऊन तासभर झाल्यावर प्लगला हात लावून पाहणे ही सोपी तपासणी आहे. प्लग कोमट लागणे चालते, पण हात ठेववत नसेल तर चार्जिंग थांबवावे. नियंत्रण पेटीचे वजन प्लगवर लोंबकळत राहिल्यानेही पकड सैल होते. तिच्यासाठी भिंतीत खुंटी मारलेली बरी.

चार्जिंगसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढणे, तिच्यावर स्वतंत्र एमसीबी व आरसीसीबी बसवणे आणि त्या पॉइंटवर दुसरे काहीही न लावणे ही योग्य पद्धत होय. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची वायर किमान मानली जाते. अंतर जास्त असेल तर ४ चौरस मिलिमीटर घ्यावी. मीटर घराच्या पुढे आणि गाडी परसदारी, ३० मीटरवर असेल, तर २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १५ अँपिअरला सुमारे पावणेसात व्होल्ट गळतात आणि शंभर वॅट उष्णता वायरीतच वाया जाते. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हेच आकडे सुमारे अकरा व्होल्ट आणि एकशे साठ वॅट होतात. गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनमध्ये ही उष्णता बाहेर पडू शकत नाही. घरगुती सॉकेटऐवजी निळ्या रंगाचा १६ अँपिअरचा औद्योगिक सॉकेट बसवल्यास पकडीचा प्रश्न बराच सुटतो. मात्र चार्जरचा प्लगही त्या जातीचा असावा लागतो.

अर्थिंग

नवा चार्जर घरी आणून जोडला आणि लाल दिवा लागला, तर चार्जर बिघडल्याचा संशय घेतला जातो. बहुसंख्य वेळा दोष घराच्या अर्थिंगचा असतो. सॉकेटच्या तिसऱ्या, मोठ्या भोकात वायरच नसते, किंवा असली तरी ती भिंतीतच कोठेतरी संपलेली असते. दिवे आणि पंखे अर्थिंगशिवाय चालतात, त्यामुळे ही उणीव वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. विद्युत मोटार हे घरातील असे पहिलेच उपकरण असते जे अर्थिंग नसेल तर काम करण्याचे साफ नाकारते.

रायगडच्या खलाटीत, खाडीलगतच्या चिकण जमिनीत अर्थिंग चांगले मिळते. डोंगरउताराला जांभा किंवा काळा कातळ लागतो आणि वैशाखात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध कित्येक पटींनी वाढतो. पावसाळ्यात चालणारा चार्जर मे महिन्यात लाल दिवा दाखवू लागतो त्याचे हे स्पष्टीकरण आहे. प्रचलित पद्धतीत किमान अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित लोखंडी नळ खड्ड्यात उभा पुरून भोवती कोळसा व मीठ यांचे थर देतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात. कातळात एवढा खोल खड्डा शक्य नसल्यास दोन-तीन ठिकाणी नळ पुरून ते एकमेकांना जोडतात. विहिरीजवळची किंवा न्हाणीच्या सांडपाण्याजवळची ओली जागा यासाठी निवडतात.

अर्थिंग आणि आरसीसीबी ही एकमेकांना पूरक साधने आहेत, पर्यायी नव्हेत. समजा बिघाडामुळे फेज गाडीच्या पत्र्याला टेकली आणि अर्थिंगच्या वाटेचा एकूण रोध २० ओहम आहे, तर जमिनीत जाणारा प्रवाह साडेअकरा अँपिअर होतो. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडत नाही. गाडीचा पत्रा धोकादायक दाबाखाली तसाच राहतो आणि सकाळी दार उघडणाऱ्याला झटका बसतो. तेथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो तत्काळ पडतो. अर्थिंगचा रोध काहीशे ओहम असला तरी तो पडतोच, कारण त्याला लागणारा गळती-प्रवाह अत्यल्प असतो. नेहमीच्या 'एसी' जातीच्या आरसीसीबीऐवजी 'ए' जातीचा आरसीसीबी घ्यावा. मोटारीतील रूपांतरकामुळे डीसी स्वरूपाची गळती होऊ शकते आणि तीत पहिल्या जातीचे साधन निकामी ठरण्याचा संभव असतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चार्जिंगसंबंधी तरतुदी घालण्यात आल्या, त्यांतही गळती-प्रवाहापासून संरक्षणावर भर आहे.

या संदर्भात एक अत्यंत घातक युक्ती प्रचलित आहे. लाल दिवा घालवण्यासाठी सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये वायरचा एक तुकडा जोडला जातो. चार्जरची फसगत होते, हिरवा दिवा लागतो आणि काम झाले असे वाटते. परंतु त्या क्षणापासून गाडीचा पत्रा न्यूट्रलशी जोडलेला असतो. गावातील वीज उघड्या तारांवरून येते. वादळात किंवा झाडाची फांदी पडून न्यूट्रलची तार तेवढी तुटली, तर घरात चालू असलेल्या दिव्या-पंख्यांतून गेलेली फेज न्यूट्रलवर येते आणि तेथून थेट गाडीच्या पत्र्यावर. चार्जरमधील संरक्षक यंत्रणा फेज व न्यूट्रल तोडते, पण अर्थची वायर ती तोडत नाही, त्यामुळे या प्रसंगी तिचा उपयोग नसतो. जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली असणेही नवलाचे नाही. तसे असेल तर हा तुकडा जोडताक्षणीच पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. अर्थिंगचा खड्डा खणण्याचा खर्च मोटारीच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो, हे लक्षात घेता या युक्तीचे कोणत्याही कारणाने समर्थन होऊ शकत नाही. ती सुचवणाऱ्या वायरमनकडून काम करून घेऊ नये.

वीजबिल व मंजूर भार

महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० युनिटांवरील असे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्यातील युनिट महाग असते. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी छोटी मोटार मीटरवर सुमारे १६० युनिटांची भर घालते. ज्या घराचा वापर ९० युनिट होता तो २५० वर जातो, म्हणजे मोटारीची बहुतेक सर्व वीज दुसऱ्या टप्प्याच्या दराने मोजली जाते. म्हणून 'युनिटला अमुक रुपये' असा मोटारीचा खर्च काढताना घराचा सरासरी दर धरणे चुकीचे होय. मोटारीमुळे वाढलेल्या युनिटांचाच दर धरावा लागतो. तरीही तो पेट्रोलच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी भरतो.

मंजूर भार अपुरा असल्यास महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घेणे आवश्यक असते. हे टाळण्याकडे लोकांचा कल असतो, पण त्याचा संबंध केवळ नियमाशी नाही. गावाचे रोहित्र ६३ केव्हीएचे असेल तर ३.३ किलोवॅटच्या एकोणीस-वीस मोटारी एकाच वेळी लागल्यास तेच त्याचा सर्व भार होतात. दिवे, पंखे, शीतकपाटे यांना काही उरत नाही. आज एखाद्या वाडीत एक-दोन मोटारी असतील. त्या नोंदल्या गेल्या तरच पुढचे रोहित्र मोठे बसते. तारेच्या शेवटच्या खांबावरील घरांना संध्याकाळी कमी दाबाचा त्रास असतो. दाब फार उतरला की चार्जर थांबतो. त्यामुळे रात्री दहानंतर चार्जिंग सुरू करणे स्वतःच्या व शेजाऱ्यांच्याही सोयीचे ठरते.

छतावरील सौर संचासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. निरभ्र दिवसांत असा संच दहा-बारा युनिट देतो. रोजच्या ४० किलोमीटरला ते पुरून उरतात. आषाढ-श्रावणात मात्र त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

वीज गेली असता

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले. हजारो खांब पडले आणि जिल्ह्यातील कित्येक गावे अनेक दिवस, काही आठवडे, अंधारात राहिली. अशा प्रसंगी घरगुती चार्जिंगवर अवलंबून असलेली मोटार जागेवर अडकते. घरातील इन्व्हर्टरवर ती चार्ज करणे व्यवहार्य नाही. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात १.८ युनिट वीज असते, म्हणजे मोटारीला जेमतेम दहा-बारा किलोमीटर. शिवाय इन्व्हर्टरला तेवढा प्रवाहच देता येत नाही. वादळाचा इशारा मिळताच बॅटरी पूर्ण भरून ठेवणे आणि वादळ जवळ आल्यावर प्लग काढून ठेवणे एवढेच हाती असते. वळवाच्या पावसात विजा कडाडत असतानाही प्लग काढून ठेवावा.

उलट दिशेने पाहता मोटार हा विजेचा मोठा साठा असतो. ३०.२ युनिटच्या बॅटरीत इन्व्हर्टरच्या सुमारे सतरा बॅटऱ्यांएवढी वीज मावते. २०२३ पासून नेक्सॉन ईव्हीसह काही मोटारींत बाहेरची उपकरणे चालवण्यासाठी वीज देण्याची सोय आली आहे. तिच्या साह्याने दिवे, पंखा, मोबाइल आणि शीतकपाट काही दिवस चालू शकते. ही उपकरणे मोटारीतून काढलेल्या स्वतंत्र बोर्डावरच लावावीत. दोन्ही बाजूंना पिना असलेली वायर करून मोटारीची वीज घराच्या सॉकेटमध्ये सोडल्यास ती मीटरमधून उलटी बाहेर जाते, गावाच्या रोहित्रातून तिचा दाब ११,००० व्होल्टपर्यंत चढू शकतो आणि पुरवठा बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातातील तार जिवंत होते. जनरेटरच्या बाबतीत हा धोका पूर्वीपासून ज्ञात आहे. मोटारीच्या बाबतीत तो अधिक आहे, कारण मोटार आवाज करत नाही आणि अंगणात कोणाच्या घरातून वीज उलटी येत आहे हे खांबावरून ऐकू येत नाही.